प्रिंटर वायफायला जोडताय? आधी राऊटर बघा

मागच्या मे महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी प्रिंटर घेतला. त्यांचं शाळेच्या गणवेशांचं शिलाईकाम आहे. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते, पण गणवेश शिवणारी घरंही इथं गल्लोगल्ली आहेत, आणि जूनच्या तोंडावर तर शिलाई मशीनचा आवाज रात्री अकरापर्यंत थांबत नाही. मापांच्या याद्या आणि बिलं काढायला दर वेळी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे पळायचं किती, म्हणून इंक टँकचा वायफाय प्रिंटर घरात आला. जोडायला एक पोरगा आला. त्यानं टेस्ट पेज काढून दाखवलं, ३०० रुपये घेतले, चहा घेतला आणि स्कूटरवर बसून गेला. पाच मिनिटांत जिन्यातून हाक आली, "अण्णा, पोरगं गेलं आणि मशीन बी मेलं बघा!"

मशीन मेलं नव्हतं. मी खाली जाऊन प्रिंटरमधून नेटवर्कचा कागद काढला. बटण दाबलं की प्रिंटर आपली माहिती आपणच छापून देतो, तो कागद. त्यावर वायफायच्या नावापुढे चक्क त्या पोराच्या मोबाइलचं नाव होतं. घाईत त्यानं स्वतःचा हॉटस्पॉट चालू केला, प्रिंटर त्याला जोडला, अक्कांचा फोनही त्यालाच जोडला, पान काढलं आणि मोकळा झाला. स्कूटर बोळातून बाहेर पडली तसं प्रिंटरचं नेटवर्कही त्याच्या खिशात बसून गेलं.

त्या दिवशी अक्कांना जे समजावलं तेच इथं सविस्तर लिहितोय. प्रिंटर कुठल्याही कंपनीचा असो, गाडी अडते ती ठरलेल्या चार-पाच ठिकाणीच.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. घरच्या वायफायवर फोन थेट प्रिंटरला जोडला जात नाही. ब्लूटूथच्या स्पीकरसारखं हे प्रकरण नाही. फोन राऊटरला, म्हणजे घरात वायफाय सोडणाऱ्या डब्याला, जोडलेला असतो, प्रिंटरही राऊटरला जोडलेला असतो आणि दोघांची गाठ तिथं पडते. म्हणून इंटरनेटचं रिचार्ज संपलं तरी राऊटर चालू आहे तोवर घरातल्या घरात बहुतेक प्रिंटर छापत राहतात. आणि म्हणूनच फोन एका राऊटरवर आणि प्रिंटर दुसऱ्यावर असेल, तर दोघं एकाच टेबलावर शेजारी ठेवले तरी एकमेकांना ओळख देत नाहीत.

बसण्याआधी

प्रिंटरला वायफाय आहे याची खात्री करा. हसू नका, नवी पेठेतून घाईत आणलेल्या खोक्यातून नुसता यूएसबीचा प्रिंटर निघालेला मी पाहिलाय. एकाच मॉडेलचे दोन भाऊ असतात, एक वायफायवाला आणि एक बिनवायफायचा, किमतीत थोडा फरक. प्रिंटरच्या बटणांमध्ये किंवा खोक्यावर वायफायची पंख्यासारखी खूण शोधा.

नवा प्रिंटर असेल तर आतल्या सगळ्या चिकटपट्ट्या काढा, शाई भरा आणि पहिल्यांदा तो जी खडखड करत शाई ओढतो ती पूर्ण होऊ द्या. मध्येच बंद करू नका. ते होईपर्यंत एका चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहून काढा, वायफायचं नाव आणि पासवर्ड. अक्षर न अक्षर तसंच, मोठी एबीसीडी कुठं आणि छोटी कुठं तेही. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल यांत घोळ होतो, तेवढं बघा. पासवर्ड कधीच बदलला नसेल तर तो राऊटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो.

आणि हो, जोडणी होईपर्यंत प्रिंटर उचलून राऊटरच्या खोलीत, आठ-दहा फुटांच्या आत आणा. कायमची जागा नंतर ठरवा. आमच्या साखर पेठेतल्या घराच्या दगडी भिंती दोन फूट जाडीच्या आहेत. उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर गेला तरी आत गारवा, ही त्या भिंतींची कृपा. वायफायचाही तसाच घाम काढतात. दोन भिंतींपलीकडे ठेवलेला प्रिंटर जोडणीत अपयशी ठरला, तर पासवर्ड चुकला की सिग्नल पोचला नाही हे कळायला मार्ग नसतो. जवळ आणला की निदान एक शंका मिटते.

२.४ आणि ५ चं प्रकरण

निम्म्या घरांत गाडी इथंच अडते, म्हणून इथं जरा सावकाश जाऊ.

हल्लीचे फायबरचे राऊटर एकाच वेळी दोन वायफाय सोडतात. एक २.४ गिगाहर्ट्झवर, दुसरं ५ गिगाहर्ट्झवर. ५ वाला वेगवान पण भिंतीला घाबरणारा, २.४ वाला हळू पण लांब जाणारा. घरगुती प्रिंटरांपैकी बहुतेकांना फक्त २.४ कळतं. अलीकडच्या काही मॉडेलांना दोन्ही चालतात, पण तुमच्याकडचं त्यातलं नसेल असंच धरून चाला. ५ वाल्या नेटवर्कचं नाव अशा प्रिंटरला यादीत दिसतच नाही. माणूस मात्र तासभर ॲप उघडझाप करत बसतो.

बऱ्याच राऊटरांवर ५ वाल्याच्या नावाला मागे "५जी" जोडलेलं असतं. हे ५जी म्हणजे मोबाइलचं ५जी नव्हे. तिथला जी म्हणजे पिढी, इथला जी म्हणजे गिगाहर्ट्झ. २०२२ मध्ये मोबाइलचं ५जी आल्यापासून हा घोटाळा फार वाढलाय. "आमच्याकडे ५जी वायफाय आहे, प्रिंटर का चालत नाही?" असं विचारणारे रोज भेटतात. प्रिंटरला शेपटी नसलेलं नाव द्या.

तुमच्या राऊटरनं दोन्हींना एकच नाव दिलं असेल तर? बहुतेक वेळा प्रिंटर आपापलं २.४ शोधून घेतो. पण जोडणी करणारा फोन ५ वर बसलेला असेल, तर काही ॲप तिथंच अडतात. मग राऊटरच्या पानात जावं लागतं. फोन वायफायवर असताना ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.१ टाका, टाइप करताना आकडे इंग्रजी. काही राऊटरांचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो, काहींचा वेगळा. बुडावरच्या कागदावर तो लिहिलेला असतो, आत शिरायचं नाव-पासवर्डही तिथंच. वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन नावाच्या भागात ५ गिगाहर्ट्झचा खटका असतो. तो दहा मिनिटं बंद ठेवा, प्रिंटर जोडा आणि परत चालू करा. प्रिंटर २.४ वर आणि फोन ५ वर, असं झालं तरी नंतर काही बिघडत नाही. राऊटर एकच आहे ना, मग दोघं एकमेकांना सापडतात.

त्याच पानात आलाच आहात तर आणखी तीन गोष्टी बघून घ्या. सुरक्षेच्या ठिकाणी नुसतं डब्ल्यूपीए३ असेल तर जुन्या प्रिंटरला ते समजत नाही, डब्ल्यूपीए२ किंवा दोन्ही मिळून असलेला पर्याय निवडा. चॅनल आपोआपवर असेल आणि तो १२ किंवा १३ वर जाऊन बसला असेल तर काही प्रिंटरांना नेटवर्क दिसत नाही, १, ६ किंवा ११ ठेवा. आणि वायफायला हौसेनं देवनागरी नाव किंवा बदामाचं चित्र दिलं असेल, तर प्रिंटरसाठी ती हौस आवरा. साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे बरे.

आता जोडा

रस्ते तीन. फोनमधलं ॲप, राऊटरचं बटण, किंवा प्रिंटरला पडदा असेल तर त्यावरूनच.

ॲपचा रस्ता बहुतेकांसाठी. एप्सनचं स्मार्ट पॅनल, कॅननचं कॅनन प्रिंट, ब्रदरचं मोबाइल कनेक्ट, एचपीचं त्यांचं स्वतःचं. ॲप घेताना ते त्या कंपनीनंच काढलेलं आहे ना, हे नावाखाली वाचा. एकसारख्या चिन्हाची पाचपन्नास ॲप असतात, आणि जाहिराती दाखवण्यापलीकडे त्यांना काही येत नाही.

पहिल्यांदा प्रिंटरला जोडणीसाठी तयार करायचं. वायफायचं बटण साधारण ३ ते ५ सेकंद दाबून धरलं की दिवा लुकलुकायला लागतो. बटण काहींत वर असतं, काहींत मागच्या बाजूला वायरीशेजारी लपलेलं, आणि काहींत दोन बटणं एकत्र दाबायची असतात. नेमकं काय ते खोक्यातल्या घडीच्या कागदावर चित्रासह असतं. तो कागद फेकू नका. ही तयारी कायम टिकत नाही, ठरावीक वेळानं प्रिंटर ती सोडून देतो. काल बटण दाबलं आणि आज ॲप उघडलं असं चालायचं नाही.

मग ॲप उघडा. ते परवानग्या मागतं. अँड्रॉइडवर लोकेशन किंवा "जवळची उपकरणं", आयफोनवर "लोकल नेटवर्क". प्रिंटरला माझं लोकेशन कशाला, असं म्हणून लोक "नको" दाबतात आणि मग ॲपला प्रिंटर सापडत नाही. तुमचा संशय रास्त आहे, पण अँड्रॉइडमध्ये आसपासची वायफाय शोधायची मुभा लोकेशनच्या परवानगीशी बांधलेली आहे. आता द्या, जोडणी झाली की काढून घ्या. आयफोनवरची मात्र राहू द्या, २०२० पासून तिच्याशिवाय ॲपला घरातलं दुसरं उपकरण दिसतच नाही.

पुढची पायरी घाबरवणारी आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ॲप तुमच्या फोनला काही क्षण राऊटरवरून काढून प्रिंटरच्या स्वतःच्या छोट्या वायफायला जोडतं. फोन लगेच कुरकुर करतो, "या नेटवर्कला इंटरनेट नाही, सोडू का?" नाही, सोडायचं नाही. "जोडलेलं राहू दे" दाबा. फोन शहाणपणा करून मोबाइल डेटावर उडी मारत असेल तर तेवढ्यापुरता डेटा बंद करा. व्हीपीएन असेल तर तोही. मग ॲप घरच्या वायफायचं नाव दाखवेल, चिठ्ठीवरचा पासवर्ड टाका आणि दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून बसा. दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की काम झालं.

राऊटरचं बटण म्हणजे डब्ल्यूपीएस. राऊटरवर तसं लिहिलेलं किंवा दोन गोल बाणांची खूण असलेलं बटण असेल तर हा रस्ता सगळ्यात सोपा, पासवर्डही लागत नाही. राऊटरवरचं बटण दाबा आणि २ मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं दाबा. राऊटर वरच्या मजल्यावर आणि प्रिंटर खाली असेल तर जिना उतरेपर्यंत वेळ जातो, एक माणूस वर ठेवा. आमच्या घरी मी वरून ओरडलो आणि अक्कांच्या मुलीनं खाली दाबलं, पहिल्याच झटक्यात जुळलं. याच डब्ल्यूपीएसमध्ये आकडी पिन टाकायचा दुसरा प्रकार असतो, तो मात्र राऊटरच्या पानातून बंद करून टाका. त्यातली पळवाट २०११ मध्येच उघड झाली आहे.

पडद्यावरून जोडणं सांगायला सोपं, सेटिंग्ज, नेटवर्क, वायरलेस सेटअप, नाव निवडा, पासवर्ड टाका. पण पडदा बोटभर असेल तर एकेक अक्षर बाणाच्या बटणानं शोधताना जीव मेटाकुटीला येतो. मोठी-छोटी अक्षरं बदलायची कळ कुठली ते आधी बघून ठेवा.

कागद काढा आणि वाचा

दिवा स्थिर झाला म्हणून उठू नका. नेटवर्कचा कागद छापा. काही प्रिंटरांवर "आय" लिहिलेलं बटण असतं, काहींवर कागदाची खूण, पडदा असेल तर नेटवर्कच्या यादीत रिपोर्ट नावानं. कागद इंग्रजीत आणि भरगच्च असतो. त्यातल्या तीनच ओळी आपल्या कामाच्या.

पहिली, एसएसआयडी. म्हणजे वायफायचं नाव. तिथं तुमच्याच घरचं नाव आहे ना? अक्कांच्या कागदावर नव्हतं.

दुसरी, आयपी ॲड्रेस. चार आकड्यांचा नंबर, समजा १९२.१६८.१.२३. आता फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या नावावर टिचकी मारा, तिथं फोनचा नंबरही दिसेल. घरगुती नेटवर्कमध्ये दोघांचे पहिले तीन आकडे सारखे हवेत, शेवटचा वेगळा. तीन जुळले की दोघं एका घरातले. प्रिंटरचा १९२.१६८.१ नं सुरू होतोय आणि फोनचा १९२.१६८.०, तर घरात दोन राऊटर दोन वेगळे संसार थाटून बसलेत. खाली फायबरवाल्यानं दिलेला आणि वर सिग्नल पोचत नाही म्हणून मुलानं आणून लावलेला, हे आपल्याकडे फार दिसतं. दोघांना एकाच राऊटरवर आणा, किंवा वरच्या राऊटरला ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे स्वतः नंबर न वाटता नुसतं वायफाय पुढे पोचवणारा डबा म्हणून चालवा. ती सोय बहुतेक राऊटरांत असते.

नंबर १६९.२५४ नं सुरू होत असेल तर प्रिंटरला राऊटरकडून नंबर मिळालाच नाही, बिचाऱ्यानं स्वतःच एक ठरवून घेतलाय. चारही शून्य असतील तर तो कशालाच जोडलेला नाही. दोन्ही वेळा राऊटर बंद-चालू करा, मग प्रिंटर, आणि परत जोडा.

तिसरी ओळ मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रिंटरची कारखान्यातून आलेली कायमची ओळख. बारा अक्षर-आकडे, दोन-दोनच्या सहा जोड्या. तिचं काम पुढे आहे.

नंबर जुळतात तरी सापडत नाही? मग दोघांपैकी एकजण पाहुण्यांच्या वायफायवर, म्हणजे गेस्ट नेटवर्कवर असेल. ते मुद्दामच असं बनवलेलं असतं की त्यावरच्या उपकरणांना घरातली दुसरी उपकरणं दिसू नयेत.

फोन आणि कॉम्प्युटरवरून

आयफोनला वेगळं काही नको. फोटो किंवा कागद उघडा, शेअर, प्रिंट, आणि यादीत प्रिंटर. ॲपलनं ही एअरप्रिंटची सोय २०१० मध्येच आणली, वायफायचे बहुतेक प्रिंटर ती ओळखतात. अँड्रॉइडवर सेटिंग्जच्या शोधात "प्रिंटिंग" टाका आणि डिफॉल्ट प्रिंट सर्व्हिस चालू आहे ना ते बघा. मग क्रोममधून किंवा पीडीएफमधून तीन ठिपके, प्रिंट. व्हॉट्सॲपवर आलेला कागद आधी पीडीएफ म्हणून उघडून मग छापा. स्क्रीनशॉट छापला की सातबाराचे आकडे मुंगीएवढे येतात आणि तलाठ्याकडे नेलं की परत पाठवतात.

विंडोजवर सेटिंग्ज, ब्लूटूथ आणि डिव्हायसेस, प्रिंटर्स आणि स्कॅनर्स, ॲड. सापडला तर ठीकच. माझं मत विचाराल तर आपोआप सापडलेल्यावर फार विसंबू नका. विंडोज बरेचदा डब्ल्यूएसडी नावाच्या पद्धतीनं जोडतो, आणि ती मधूनच उगाच "ऑफलाइन" म्हणायला लागते. "हाताने जोडा" हा पर्याय घेऊन टीसीपी-आयपी निवडा आणि कागदावरचा नंबर टाका. एकदाच पाच मिनिटं जातात, पुढची डोकेदुखी जाते. पण त्यासाठी नंबर कायम राहायला हवा.

नंबर पक्का करा

हे कोणी सांगत नाही, आणि रोजचा वैताग यातूनच येतो.

राऊटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला नंबर उधार देतो. मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, दोन विजा चमकतात आणि लाइट जाते. परत आली की राऊटर, फोन, टीव्ही, प्रिंटर सगळे एकदम जागे होतात आणि नंबरासाठी रांग लावतात. काल २३ नंबर प्रिंटरकडे होता, आज तो टीव्हीनं घेतला. कॉम्प्युटर मात्र जुन्या पत्त्यावर कागद पाठवत राहतो. भाडेकरू बदलला तरी पोस्टमन जुन्याच दाराशी उभा.

उपाय राऊटरच्या पानात आहे. लॅन किंवा डीएचसीपी नावाच्या भागात ॲड्रेस रिझर्व्हेशन शोधा, काही राऊटरांत त्याला स्टॅटिक डीएचसीपी म्हणतात. तिथं प्रिंटरची मॅकची बारा अक्षरं टाका, त्यापुढे हवा तो नंबर द्या, समजा १९२.१६८.१.५०, आणि सेव्ह दाबा. प्रिंटर बंद-चालू केला की तो नवा नंबर घेईल. यापुढे ५० दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. हा नंबर प्रिंटरमध्ये जाऊनही पक्का करता येतो, पण राऊटरकडून केलेलं बरं. प्रिंटर कधी रिसेट केला तरी राऊटर विसरत नाही. अक्कांनी तो आकडा कापडावर खुणा करायच्या खडूनं मशीनमागच्या भिंतीवर लिहून ठेवलाय, अजून आहे.

वीज आल्यावर आणखी एक गंमत होते. प्रिंटर अर्ध्या मिनिटात तयार होतो, फायबरचा राऊटर दोन-तीन मिनिटं घेतो. काही प्रिंटर तेवढा वेळ नेटवर्क शोधतात आणि नाद सोडून देतात. म्हणून लाइट आली की आधी राऊटरचे दिवे लागू द्या, मग प्रिंटर चालू करा. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, त्याचे व्होल्ट राऊटरच्या अडॅप्टरवर लिहिलेल्या व्होल्टशी जुळतात ना ते बघून घ्या. लेझर प्रिंटर मात्र कुठल्याच छोट्या यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर लावू नका. तापताना तो एकदम एवढी वीज ओढतो की यूपीएस ओरडायला लागतो.

तरीही "ऑफलाइन"

नंबर जुळला, जागा पक्की झाली, तरी विंडोज ऑफलाइनच म्हणतो? यादीत एकाच प्रिंटरची दोन नावं आहेत का बघा, एकामागे "कॉपी १" असेल. तुम्ही जुन्या भुताला कागद पाठवताय. जुना काढून टाका. रांगेत अडकलेले कागद रद्द करा. रद्द होत नसतील तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा भाग, रिस्टार्ट करा. आणि "विंडोजला माझा डिफॉल्ट प्रिंटर ठरवू द्या" ही खूण काढा, नाहीतर तो परस्पर पीडीएफलाच प्रिंटर समजून बसतो.

प्रिंटर कायमच्या जागी नेल्यावर बंद पडत असेल तर प्रश्न सिग्नलचा. लोखंडी कपाट, फ्रिज, पाण्याची टाकी यांच्या आड प्रिंटर नको. आमच्याकडे कपाट हातभर सरकवल्यावर काम झालं.

घरात ब्रॉडबँडच नसेल तर

आपल्याकडे कितीतरी घरं नुसत्या मोबाइल डेटावर चालतात. त्यांनी राऊटर घ्यायलाच हवा असं नाही. वायफाय डायरेक्ट नावाची सोय बहुतेक वायफाय प्रिंटरांत असते, प्रिंटर स्वतःच छोटं वायफाय सोडतो आणि फोन थेट त्याला जोडायचा. इंग्रजीत "डायरेक्ट" नं सुरू होणारं नाव फोनच्या यादीत दिसेल, पासवर्ड नेटवर्कच्या कागदावर असतो. कागद आधी फोनमध्ये उतरवून घ्या, कारण तिकडे जोडल्यावर इंटरनेट बंद पडू शकतं. काही प्रिंटरांचा हा पासवर्ड कारखान्यातूनच १ ते ८ असा ओळीनं आलेला असतो. तो बदला, नाहीतर शेजारचं पोरगं रात्री गणपतीचं रंगीत चित्र तुमच्या शाईवर छापेल.

दुसरी सोय घरातल्याच माणसाच्या हॉटस्पॉटची. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडा. आयफोन १२ पासून पुढे "मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी" नावाचा खटका आहे, तो चालू केला की २.४ मिळतं. फक्त ज्याचा हॉटस्पॉट तो घरी असेल तेव्हाच छपाई, हे अक्कांइतकं कोणाला ठाऊक नसेल.

गुगलवरचा हेल्पलाइन नंबर लावू नका

प्रिंटर जुळेना की माणूस चिडून कंपनीचा नंबर गुगलवर शोधतो. वरचे निकाल कधी कधी भामट्यांचे असतात. संकेतस्थळ हुबेहूब, ड्रायव्हर उतरवायचं बटण, मध्येच लाल पट्टी, "त्रुटी आली, फोन करा". फोन केला की गोड बोलून स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगतात आणि मग खातं रिकामं. वायफाय जोडायला कोणालाही ओटीपी किंवा तुमची स्क्रीन लागत नाही. मदतीचा नंबर खोक्यावरचा किंवा वॉरंटीच्या कागदावरचा घ्या. पैसे गेलेच तर जराही वेळ न घालवता १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे.

राऊटर बदलला तर

कंपनी बदलली, नवा राऊटर आला, की घरातलं सगळं परत जोडायचं या विचारानंच लोक जुन्या कंपनीला चिकटून राहतात. तसं करायची गरज नाही. नव्या राऊटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अगदी अक्षर न अक्षर. प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा, सगळे आपोआप येऊन बसतात. त्यांच्या लेखी राऊटर बदललेलाच नसतो. फक्त ५० नंबरचं आरक्षण नव्या पानात पुन्हा करा. नव्या राऊटरचे पहिले तीन आकडे वेगळे असतील तर त्या हिशेबानं नवा नंबर ठरवा आणि कॉम्प्युटरमध्येही तोच टाका.

आणि जुना प्रिंटर विकताना किंवा भंगारात देताना सेटिंग्जमधून फॅक्टरी रिसेट मारून मगच दाराबाहेर काढा. घरच्या वायफायचा पासवर्ड त्याच्या पोटात असतो.